फॅमिलीच्या दोन खोल्या

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं तर मी भांडते आणि एखाद्या दिवशी नाही घातलं तर विचारते, आज काय विशेष. नवरा समुद्रावर आणि बायको नागपुरात असा संसार पंचवीस वर्षं केला की स्वभाव असाच होतो. महाल भागात आमच्या बिल्डिंगमधल्या बाकी सगळ्यांचे नवरे संध्याकाळी सातला भाजीची पिशवी घेऊन घरी येतात. माझा दहा-दहा महिन्यांनी येतो आणि भाजी मीच आणते. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे मात्र एकेरीत लिहिणार आहे, कारण हे त्याला वाचायला देणार नाही.

पंधरा वर्षं तो नौदलात होता. तिथून सुटल्यावर आफ्रिकेच्या कडेच्या एका बंदरात टगवर लागला. टग म्हणजे मोठ्या जहाजाला दोर बांधून धक्क्यापर्यंत ओढत आणणारी लहान पण दणकट बोट. करार दर दोन वर्षांनी नवा व्हायचा आणि दर वेळी तो म्हणायचा, हा शेवटचा. मागच्या वेळी त्यानं पहिल्यांदा दिवस सांगितला. या दसऱ्याला कायमचा घरी. मी हे कॅलेंडरवर लिहिलं नाही, पण विसरलेही नाही.

दसऱ्याला सात महिने असताना एका रविवारी त्यानं फोनवर एक फोटो पाठवला. चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं काढलेला नकाशा होता. खाली लिहिलं होतं, 'हे जरा नीट काढून दे. घरात ड्राफ्ट्समन असताना बाहेर कशाला जायचं?'

ड्राफ्ट्समन म्हणजे मी. सदर भागातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बावीस वर्षं मी लोकांच्या घरांचे नकाशे काढते. या धंद्यात एक नजर येते. नकाशावरून मला कळतं की या घरात सून स्वयंपाकघरात सुखी राहणार नाही, किंवा हे दोन भाऊ पाच वर्षांत मधे भिंत घालणार. घरातली माणसं खोटं बोलतात, नकाशा सहसा बोलत नाही.

फोनवर त्यानं सांगितलं ते असं. बंदराजवळ शांतिसेनेत गेलेल्या आपल्या जवानांचा एक कॅम्प होता. त्यांचं सामान जहाजानं येई, म्हणून टगवरच्या लोकांशी त्यांची ओळख झालेली. सुट्टीच्या दिवशी हे आठ-दहा नाविक आणि ते जवान त्याच धुळीच्या रस्त्यावर चकरा मारायचे. गावात जायला जागा दोनच आणि दोन्ही दारूच्या. मग कोणीतरी म्हणालं, आपला एक क्लब काढू. नाविक आणि जवान दोघांचा मिळून. बंदरवाल्यांनी एक रिकामं गोदाम द्यायचं कबूल केलं, पण त्यांना मापं घातलेला पक्का नकाशा हवा होता. क्लबची कमिटी दोघांची होती. नाविकांकडून माझा नवरा आणि जवानांकडून एक सुभेदार. सुभेदार निघाला कामठीचा. आफ्रिकेत जाऊन कमिटी करायची आणि त्यात दोघंही नागपूरकडचे, मग काय विचारता. निम्मी मीटिंग सावजीच्या रश्श्यावर व्हायची.

मी ऐकून घेतलं आणि मनात पाल चुकचुकली. गोदाम दुरुस्त होऊन क्लब सुरू होणार श्रावणात. हा माणूस येणार दसऱ्याला. दोन महिन्यांसाठी कोणी भिंती बांधतं का? भाड्याच्या घरात आपण खिळा ठोकताना चारदा विचार करतो. ज्याला परत यायचं आहे तो कॅरमबोर्ड कुठे ठेवायचा यावर पाऊण तास कशाला बोलेल?

तरी मी नकाशा काढायला घेतला. नाही म्हटलं असतं तर आतलं काही कळलं नसतं. एका बाजूला टीव्ही, मधे कॅरमची दोन टेबलं, पुस्तकांची फळी, चहाचा ओटा, बूट काढायला लांब बाक. इथवर ठीक होतं. मागच्या भिंतीला लागून मात्र दोन खोल्या होत्या. चार फूट बाय सहा फूट. खिडकी नाही. दाराला आतून कडी. आणि दोन्हींत कोणाच्यातरी तिरप्या अक्षरात हिंदीत लिहिलेलं होतं, 'फैमिली'.

चार बाय सहाच्या बिनखिडकीच्या खोलीत माणूस करतो काय? पाण्याची लाइन नाही, म्हणजे संडास-बाथरूम नाही. फळ्या नाहीत, म्हणजे कोठी नाही. आणि फॅमिली कोणाची? त्या बंदरात कंपनी बायका-पोरांना नेऊ देत नाही, शांतिसेनेत तर प्रश्नच नाही. मग तिथे ज्यांना न्यायला परवानगी लागत नाही अशा कोणत्या फॅमिली होत्या? मी स्क्रीन मोठी करून ते अक्षर तीनदा पाहिलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, मॅडम, काही चुकलं का? मी म्हटलं, अजून माहीत नाही.

त्याचा फोन यायचा तो कंपनीच्या इमारतीच्या पॅसेजमधून. तिथेच काय तो सिग्नल मिळे. मागून टॉवेल गुंडाळलेले लोक जात-येत असत. बोलणं ठरलेलं. जेवलीस का, ऊन किती आहे, पुण्याहून पोरीचा फोन आला का. मी विचारलं, हे फॅमिली काय प्रकरण आहे? तो म्हणाला, ते सुभेदारसाहेबांचं आहे, तू फक्त काढून दे. त्या 'फक्त'नं माझं डोकं फिरलं.

मग मी एक आगाऊपणा केला. नकाशात दोन्ही दारांना वरच्या अर्ध्या भागात काच दाखवली. ऑफिसांच्या केबिनला असते तशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला आत कोण बसलं आहे ते दिसावं. दोन दिवसांत उत्तर आलं, काच नको. मी पुन्हा तोच नकाशा काच लहान करून पाठवला. या वेळी उत्तरात जरा धार होती. 'काच अजिबात नको. आतलं बाहेर दिसू नये आणि ऐकूही जाऊ नये.'

आता सांगा, संशय घेऊ नको तर काय करू?

मधे एक गंमत झाली, तीही सांगते. क्लबचं वेळापत्रक माझ्या नवऱ्यानं लिहिलं. त्यात बुधवार दुपारपुढे लिहिलं, 'मेक अँड मेंड'. नौदलात अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला असं म्हणतात. पूर्वी नाविकांना कपडे शिवायला, ठिगळं लावायला ती दुपार मोकळी मिळायची, तेव्हापासूनचं नाव. आता कोणी सुई हातात घेत नाही, त्या दुपारी सगळे झोपतात. सुभेदारांना हे काय माहीत. त्यांनी वाचलं की बुधवारी दुरुस्तीचं काम आहे आणि चार जवान हातोड्या-पान्यांसह गोदामावर पाठवले. जवान दोनपासून पाचपर्यंत हजर आणि नाविक एकही नाही, सगळे घोरत पडलेले. त्यावरून दोन दिवस दोन्हीकडून तोंडं फुगली. सुभेदारांचं म्हणणं पडलं, हे दर्यावाले कामचुकार आहेत. नाविकांचं म्हणणं, फौजवाल्यांना सुट्टी घेताही येत नाही. नवरा हे हसत सांगत होता. मी हसले नाही. मला वाटलं, पॅसेजमध्ये उभा राहून इतकं हसून सांगतो आहे म्हणजे दुसरं काहीतरी सांगायचं टाळतो आहे.

शेवटी मी ठरवलं की सुभेदाराच्या बायकोला गाठायचं. तिचा नंबर नवऱ्याकडूनच घेतला, क्लबला पाठवायच्या पापडांचं निमित्त सांगून. एका शनिवारी मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले आणि तिथून ऑटोनं कामठी. बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. माहेर कन्हानच्या पलीकडचं, शेतीवाल्यांचं. बोलणं मोकळं. मी बसायच्या आत तिनं उकडपेंडीची बशी पुढे केली. मला आधी तिचाच संशय आला. इतकी निवांत बाई, हिला काही माहीत नाही किंवा सगळं माहीत आहे.

मी फोन काढून नकाशा दाखवला. त्या तिरप्या अक्षरावर बोट ठेवलं आणि आडवळण न घेता विचारलं, ही फॅमिली कोण?

तिनं फोन जवळ घेतला, अक्षर ओळखलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "मीच तं आहो वं फॅमिली," ती म्हणाली. "फौजेत बायकोले फॅमिलीच म्हणतेत. छुट्टीच्या अर्जात लिहितेत, फैमिली बीमार है. म्हणजे मायबाप नाही, लेकरंबी नाही. बायको. यायच्या फोनात माह्यं नावच नाही, फॅमिली म्हणूनच आहो मी."

मग हसणं आवरून तिनं त्या खोल्यांचं सांगितलं. कॅम्पात एका जवानाला घरून व्हिडिओ कॉल आला होता. बायकोचं पोट पडलं होतं, ती रडत होती. आजूबाजूला चाळीस खाटा आणि सगळ्या भरलेल्या. तो पोरगा कानाला फोन दाबून नुसता म्हणत राहिला, हां, ठीक है, ठीक है. तिकडे ती समजली की याला काही वाटतच नाही. ती माहेरी निघून गेली ती महिनोन्महिने त्याच्याशी बोलली नाही. तेव्हापासून सुभेदारांनी धरलं होतं, क्लबात कॅरम नसला तरी चालेल, दार पाहिजे. बायकोशी बोलायला आतून कडी लागेल अशी जागा पाहिजे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या दाराला दोनदा काच लावली होती.

पण लाज वाटायलाही मला पुरता वेळ मिळाला नाही. चहा पुढे ठेवताना ती सहज म्हणाली, "बरं झालं वं ताई, तुमचे थांबून राहिले ते. आमचे तं दिवाळीच्या आधी येऊन राहिले. क्लब कोणाच्या हवाली करावं, याचंच टेन्शन होतं त्याहिले."

"कोण थांबून राहिलं?" मी विचारलं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. जे तिचं सांगायचं नव्हतं ते तिच्या तोंडून गेलं होतं. साखर आणते म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. चहात साखर होती.

परतताना मेट्रोत बसून मी विचार केला की आत्ताच फोन करून विचारावं. पण विचारलं की माणूस सावध होतो. शिवाय तो पॅसेजमध्ये असणार, मागून टॉवेलवाले जाणार आणि तो म्हणणार, ठीक आहे, ठीक आहे. मी दबा धरून बसायचं ठरवलं. सोमवारी ऑफिसात नकाशा पुन्हा उघडला. काच काढली. त्या दोन खोल्यांच्या भिंती साडेचार इंचाच्या होत्या, त्या नऊ इंचाच्या केल्या. दाराखाली रबराची पट्टी दाखवली, आवाज फटीतून जाऊ नये म्हणून. आत एक खुर्ची दाखवली, कारण पंचवीस वर्षांत मी त्याला माझ्याशी फोनवर बसून बोलताना पाहिलं नव्हतं. हे सगळं लाजेपोटी केलं असं म्हटलं तर बरं दिसेल. पण खरं म्हणजे तो खोटं बोलला तर मला ते नीट ऐकू यायला हवं होतं.

क्लब श्रावणात सुरू झाला. नारळ सुभेदारांनी फोडला, फीत माझ्या नवऱ्यानं कापली. फोटोत माझ्या भिंती होत्या, पांढऱ्या रंगाच्या. पुढच्या रविवारी दुपारी त्याचा फोन आला. प्रत्येकाला अर्धा तास मिळायचा. स्क्रीनवर तो खुर्चीत बसलेला दिसला, मागे कोणी नाही. जेवलीस का, तो म्हणाला. जेवले. पाऊस? आहे. पोरगी? बरी आहे. दोन मिनिटांत आमचं पंचवीस वर्षांचं बोलणं संपलं आणि अठ्ठावीस मिनिटं उरली.

"दार बंद आहे?" मी विचारलं.

"आहे."

"मग सांगा. तुम्ही थांबून राहिले न तिकडे?"

त्यानं नाकारलं नाही. दोन वर्षांच्या कराराचा कागद आला होता, शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. क्लब तूच बघ, असं सगळे म्हणत होते. सही त्यानं अजून केलेली नव्हती. मला संताप आला, पण त्यात कुठेतरी जिंकल्यासारखंही वाटलं. माझा संशय खरा निघाला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, सही करायच्या आधी मला एक विचारायचं आहे, पॅसेजमध्ये विचारता येत नव्हतं.

"मागच्या सुट्टीत मी बाल्कनीत कपडे वाळवत होतो. तू पोरीशी फोनवर बोलत होतीस. तू म्हणालीस, पंधरा दिवस राहिले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि एक शब्द त्यात गेला. पंधराच दिवस राहिले म्हणालीस, का अजून पंधरा दिवस राहिले म्हणालीस? तेव्हापासून विचार करून राहिलो मी."

संशय घेणं हे खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे असं मी समजत होते.

मला ती सुट्टी पुरती आठवत होती. तो वाईट माणूस नाही. ओरडत नाही, पीत नाही, हात लावील ते काम चोख करतो. तेच कठीण जातं. त्या दोन महिन्यांत त्यानं माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, मला जिरं सापडेना. रोज सकाळी सहाला फरशी धुतली आणि तिला डेक म्हणाला. मी रविवारी ज्या खुर्चीत बसून काम करते तिच्यात तो पेपर घेऊन बसायचा, आणि मी उठा म्हणू शकत नव्हते, कारण घर त्याचंही होतं. रात्रीचं जेवण त्याच्या वेळेला साडेसातला. मी पोरीला काय म्हणाले होते, तेही आठवत होतं. कुकरची शिट्टी माझ्या कानात नव्हती गेली.

एक 'च' लावला असता तर माणूस दसऱ्याला घरी आला असता. तो माझ्या जिभेवर आलाही. पण तो आफ्रिकेत बसून, आतून कडी लावून विचारत होता, आणि त्या भिंती मीच नऊ इंचाच्या केल्या होत्या.

"अजून," मी म्हणाले. "अजून पंधरा दिवस राहिले, असं म्हणाले होते."

तो रागावला नाही. मान हलवली. "मलेबी तसंच वाटलं होतं," म्हणाला. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. तेवढ्यात त्याच्या दारावर कोणीतरी टकटक केलं. बाहेर रांग होती.

"जेवून घे," तो म्हणाला. मी जेवले आहे हे मी आधीच सांगितलं होतं.

तो उठला, कडी काढायला वळला. तेवढ्या वेळात 'नका करू सही, या' एवढं म्हणता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. मी म्हटलं नाही. स्क्रीन काळी झाली आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायचं तर खरं लिहायला हवं. माझा जीव भांड्यात पडला. रडू नंतर आलं, संध्याकाळी, चहाला एकच कप पाणी ठेवताना.

शुक्रवारी त्यानं सही केली. आता दर रविवारी तो त्या खोलीतून अर्धा तास बोलतो आणि मीही बोलते. एवढं आम्ही सोबत राहून कधी बोललो नव्हतो. दसऱ्याला सोनं द्यायला बिल्डिंगमधले सगळे आले. कायमचे येणार होते ना, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दोन वर्षं वाढवून घेतली. बाया हळहळल्या. एकीनं माझा हात धरला आणि म्हणाली, या माणसांना घराची ओढच नसते.

मी म्हटलं, मला आधीपासूनच संशय होता. कोणाचा, ते कोणी विचारलं नाही.